कॅरिबूची शिकार आणि वजनाचं गणित

अलास्काच्या नकाशावर उत्तरेकडे बघा, रस्ते जवळजवळ संपलेले दिसतील. ब्रूक्स पर्वतरांग ओलांडून जाणारा रस्ता एकच, डाल्टन हायवे, आणि तोही तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधलेला. बाकी सगळा मुलूख नद्यांचा, टुंड्राचा आणि कॅरिबूंचा. इथे शिकारीला जायची एक प्रचलित पद्धत अशी: छोट्या विमानानं नदीच्या वरच्या अंगाला उतरायचं, विमानातूनच आणलेला रबरी राफ्ट काठावर फुगवायचा, आठ-दहा दिवस प्रवाहाबरोबर खाली यायचं, वाटेत शिकार करायची आणि ठरलेल्या जागी परतीच्या विमानाची वाट बघायची.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषयच संपला. त्यामुळे शिकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते जुन्या वाड्यातल्या भिंतीवरची जनावरांची मुंडकी आणि वाघाच्या कातड्यावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक. अलास्कातली ही सफर समजून घ्यायची तर ते चित्र आधी बाजूला ठेवावं लागतं. इथे नेम किती चांगला हा प्रश्न दुय्यम आहे. पहिला प्रश्न असतो वजनाचा. विमान किती उचलणार, राफ्ट किती पेलणार, आपली पाठ किती वाहणार आणि मेलेल्या जनावराचं मांस किती? या चार आकड्यांचा मेळ बसला तर सफर नीट पार पडते. नाही बसला तर मांस कुजतं, आणि अलास्कात मांस कुजू देणं हा गुन्हा आहे.

आधी जनावराबद्दल. कॅरिबू आणि रेनडिअर ही एकाच प्रजातीची दोन नावं. उत्तर अमेरिकेतल्या रानटी कळपांना कॅरिबू म्हणतात. हे नाव कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मिग्मॉ लोकांच्या भाषेतून आलंय आणि त्याचा अर्थ होतो बर्फ उकरणारा. नाव अगदी बरोबर आहे, कारण हिवाळ्यात हा प्राणी रुंद, कडेला धारदार खुरांनी बर्फ उकरून खालचं खाणं शोधतो. ते खाणं म्हणजे मुख्यतः लायकेन. आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच, त्यामुळे मराठी वाचकाला हा पदार्थ अगदीच परका नाही. फरक इतकाच की आपण ते चिमूटभर भाजून घालतो आणि कॅरिबू हिवाळाभर त्यावर जगतो.

हरणांच्या कुळात मादीलाही सर्रास शिंगं असणारा हा एकमेव प्राणी. मोठा नर साधारण 160 ते 180 किलोंचा, मादी त्याच्या निम्म्याच्या आसपास. अंगावरचे केस आतून पोकळ असतात, त्यांत हवा कोंडलेली असते. त्यामुळे थंडीपासून बचाव होतो आणि पोहताना अंग पाण्यावर चांगलं तरंगतं. थंडगार, वाहती नदी अख्खा कळप सहज पार करतो. शांत जागी बसलं आणि कळप जवळून गेला तर बारीक टक-टक असा आवाज ऐकू येतो. पायातला स्नायुबंध हाडावरून सरकताना होणारा तो आवाज. शेकडो जनावरं एकदम चालत असली की पाऊस सुरू झाल्यासारखं वाटावं.

आता मुख्य अडचण अशी की हा प्राणी एका जागी राहत नाही. अलास्कात तीसच्या वर कळप आहेत. त्यांतला वायव्येचा वेस्टर्न आर्क्टिक कळप उन्हाळ्याच्या सुरुवातीला उतुकोक नदीच्या उगमाकडच्या टेकाडांवर वितो आणि हिवाळ्याला दक्षिणेकडे सीवर्ड द्वीपकल्प, नुलाटो टेकड्या या बाजूला उतरतो. पाठलाग करून कॅरिबू मिळत नाही. तो सहज चालतोय असं वाटतं, पण त्या टुंड्रावरून माणूस त्याच्याबरोबर चालूच शकत नाही. म्हणून त्याच्या वाटेवर आधी जाऊन थांबावं लागतं. ती वाट नद्यांना आडवी जाते. शिकारी आणि कॅरिबू यांची गाठ नदीवर पडते ती यामुळे.

हे शहाणपण नवं नाही. कोबुक नदीवर ओनियन पोर्टेज नावाची जागा आहे. तिथल्या उत्खननात माणसाच्या वावराचे थरांवर थर सापडले, हजारो वर्षांचे. जे. लुई गिडिंग्ज या पुरातत्त्वज्ञानं ती जागा प्रकाशात आणली. आजही उत्तर अलास्कातले मूळ रहिवासी, इनुपियाक लोक, शरद ऋतूत तिथे होड्या घेऊन थांबतात, नदी ओलांडणाऱ्या कळपांसाठी. त्यांच्या भाषेत कॅरिबूला तुट्टू म्हणतात.

बाहेरून येणारा शिकारी नदी निवडतो त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे ओझं. टुंड्रा दिसायला सपाट गवताळ माळासारखी दिसते. चालायला लागलं की कळतं. गवताचे गुडघ्याएवढे ठोंब, मधे पाणी आणि चिखल. ठोंबावर पाय ठेवला तर तो कलंडतो, मधे ठेवला तर घोट्यापर्यंत रुततो. पाठीवर तीस किलो असताना अशा जमिनीवर तासाला एक किलोमीटर झाला तरी पुष्कळ. आता हिशेब करा. एका मोठ्या नराचं हाडासकट खाण्याजोगं मांस नव्वद किलो धरू. तीस-तीस किलोंच्या तीन खेपा, आणि शिंगं व डोकं यांची चौथी. दोघं जण असतील तर प्रत्येकी दोन खेपा. जनावर नदीपासून दोन किलोमीटरवर पडलं असेल तर प्रत्येकाची चाल आठ किलोमीटर, त्यातली निम्मी ओझं घेऊन. म्हणजे दिवस संपला. जनावर पाच किलोमीटरवर असेल तर दोन दिवस गेले, आणि मधल्या रात्री उरलेलं मांस अस्वलाच्या हवाली. म्हणून जाणते शिकारी काठापासून दीड किलोमीटरच्या पलीकडचं जनावर, कितीही देखणं असलं तरी, सोडून देतात. मला या सगळ्या प्रकारात सर्वात मोलाचा वाटतो तो हाच संयम. दुर्बिणीत मोठ्या शिंगांचा नर दिसतोय, वारा बरोबर आहे, आणि तरी माणूस उठत नाही. कारण त्यानं मनात खेपा मोजलेल्या असतात.

उदाहरणादाखल नोआटाक नदी घेऊ. माउंट इगिकपाकच्या कुशीत उगम, तिथून पश्चिमेला सुमारे 680 किलोमीटर वाहत कोट्झेब्यू या किनाऱ्यावरच्या गावाजवळ समुद्राला मिळते. एवढ्या लांबीत काठावर गाव एकच, त्याचंही नाव नोआटाक. वरचा भाग गेट्स ऑफ द आर्क्टिक राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथे बाहेरच्यांना शिकार बंद. त्याच्या खालचा बराचसा भाग नोआटाक नॅशनल प्रिझर्व्हमध्ये येतो, आणि प्रिझर्व्ह असल्यामुळे त्या-त्या वर्षीचे नियम परवानगी देतील तेव्हा तिथे शिकार चालते. उद्यान आणि प्रिझर्व्ह यांतला हा फरक डिसेंबर 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं पक्का झाला. नकाशावरची ती रेघ जमिनीवर कुठे दिसत नाही, ती जीपीएसमध्येच बघावी लागते.

प्रवास सुरू होतो कोट्झेब्यूहून. अँकरेजहून तिथे मोठं विमान जातं, रस्ता नाही. स्टोव्हचं इंधन आणि अस्वलासाठीचा मिरचीचा स्प्रे प्रवासी विमानात नेता येत नाहीत, ते गावातच घ्यायचे. तिथे वैमानिक सगळं सामान काट्यावर ठेवायला लावतो. तुम्हालाही. तरंगतळ असलेलं डी हॅविलँड बीव्हर तळ्यावर उतरतं, मोठ्या फुगीर टायरांचं सुपर कब नदीकाठच्या गोट्यांवर. बीव्हर एका फेरीत माणसं आणि सामान मिळून अंदाजे साडेचारशे-पाचशे किलो नेतं, सुपर कब त्याहून बरंच कमी. याच कारणासाठी राफ्ट लागतो. लाकडी किंवा फायबरची होडी विमानात मावत नाही, राफ्ट हवा काढून घडी घालता येतो. जाताना जे वजन अन्नाचं असतं ते येताना कमी होतं, पण त्या जागी मांस येतं, आणि ते कितीतरी जास्त. म्हणून परतीच्या विमानाच्या फेऱ्या आधीच बोलून ठेवाव्या लागतात.

उतरल्या दिवशी शिकार करता येत नाही. अलास्काचा नियम आहे की छोट्या विमानानं प्रवास केला त्या दिवशी मोठ्या जनावराची शिकार बंद, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच परवानगी. आकाशातून कळप हेरायचा, समोर उतरायचं आणि गोळी घालायची, हा प्रकार थांबवण्यासाठी हा नियम आहे. नोआटाकच्या मोठ्या टप्प्यावर तर 15 ऑगस्ट ते 30 सप्टेंबर या काळात नदीच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांपर्यंत शिकारीसाठी विमान वापरायलाच मनाई असते.

नदी स्वतः फार अवघड नाही. वळसे, उथळ पात्र, मधेमधे जोराचं पाणी. पण तीन गोष्टी जिवावर बेततात. पहिली, पाण्याचं अचानक चढणं. इथली जमीन वीतभर खाली कायमची गोठलेली असते. पाऊस मुरायला जागाच नाही, सगळा थेट नदीत. वर डोंगरात पडलेल्या पावसानं खालचं पाणी रातोरात कंबरभर चढू शकतं. म्हणून मुक्काम उंचवट्यावर करायचा, राफ्ट दोन दोरांनी वेगवेगळ्या जागी बांधायचा, आणि झोपायच्या आधी पाण्याच्या काठावर एक काटकी रोवून ठेवायची. पहाटे उठून आधी काटकी बघायची, मग चहा. दुसरी गोष्ट, काठावरची झाडं. नोआटाकच्या मधल्या पट्ट्यात झाडंच नाहीत, पण ज्या नद्या जंगलातून वाहतात तिथे काठ खचून आडवी झालेली झाडं पाण्यावर झुकलेली असतात. पाणी फांद्यांखालून निघून जातं, माणूस आणि राफ्ट अडकतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोराचा असतो आणि झाडंही तिथेच असतात, म्हणून वळण दिसायच्या आधीच आतल्या बाजूला वल्हवायला लागायचं.

तिसरी गोष्ट म्हणजे गारठा. सप्टेंबरात या पाण्याचं तापमान खूप खाली असतं. कॅनडातले शास्त्रज्ञ गॉर्डन गिस्ब्रेख्ट यांनी थंड पाण्यासाठी एक सोपं सूत्र सांगितलंय: एक, दहा, एक. पहिला एक मिनिट श्वास ताब्यात आणण्यात जातो, धाप लागून पाणी नाकातोंडात जाऊ शकतं. पुढची दहा मिनिटं हातपाय ऐकतात, त्यात काय करायचं ते करा. त्यानंतर शुद्ध हरपायला साधारण एक तास. बहुतेकांना वाटतं थंडीनं माणूस लगेच गोठून मरतो. तसं नसतं. हात काम करायचे थांबतात, दोर धरता येत नाही, आणि माणूस बुडतो. लाइफ जॅकेटचं खरं काम त्या दहा मिनिटांनंतर सुरू होतं. ते राफ्टवर अंथरायला आणलेलं नसतं, अंगात हवं.

आता शिकार. सकाळी एखाद्या टेकाडावर बसून तासन्‌तास दुर्बीण फिरवायची. कॅरिबूची नजर बेताची, नाक मात्र फार तिखट, त्यामुळे वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर काही हाती लागत नाही. इथे इनुपियाक लोकांची एक शिकवण आहे, ती बाहेरच्यांनीही पाळावी असं मला मनापासून वाटतं. कळपाच्या पुढे चालणाऱ्या पहिल्या टोळीला हात लावायचा नाही. तिला नदी ओलांडू द्यायची, तिची वाट पडू द्यायची, मग मागचे हजारो त्याच वाटेनं येतात. पुढच्यांनाच बिथरवलं तर कळप वळतो आणि खालच्या गावातल्या लोकांचा हातातोंडाशी आलेला घास जातो. ऑक्टोबर लागला की नर माजावर येतात, त्यांच्या मांसाला उग्र वास सुटतो, आणि मग ते कुणी मारत नाही.

गोळी लागून जनावर पडलं की शिकाऱ्याचं काम संपत नाही, सुरू होतं. आपल्या मटणवाल्याकडे जे काम लाकडी ठोकळ्यावर आणि आकड्याला टांगून होतं, ते इथे ओल्या जमिनीवर गुडघे टेकून करायचं. आधी कातडं एका बाजूनं सोलून तेच खाली अंथरायचं, म्हणजे मांसाला माती लागत नाही. मग वरच्या बाजूचा पुढचा फरा कापायचा. हा सोपा, कारण पुढच्या पायाला धडाशी जोडणारा हाडाचा सांधा नसतो, नुसतं मांस असतं, सुरी अलगद फिरली की फरा हातात येतो. मागच्या मांडीला खुब्याचा सांधा शोधावा लागतो, त्यात सुरीचं टोक घालून उघडावा लागतो. मग पाठीच्या कण्यालगतची लांब पट्टी, मान, छाती, बरगड्या. जनावर उलटायचं आणि पुन्हा तेच. पोकळ केसांची कमाल इथे अडचण ठरते. कातड्याखाली उष्णता कोंडून राहते, बाहेर थंडी असली तरी आतलं मांस सांध्याजवळ बिघडायला लागतं. म्हणून कातडं लवकर काढणं महत्त्वाचं. बोटं इतकी गारठलेली असतात की कित्येकदा जनावराच्या उबेवरच ती शेकून पुढचं काम करावं लागतं.

काय काय न्यायचं हे शिकाऱ्याच्या मर्जीवर नाही. मान, छाती, बरगड्या, पुढचे फरे गुडघ्यापर्यंत, मागच्या मांड्या, पाठीवरचं मांस, सगळं बाहेर आणणं कायद्यानं बंधनकारक. काही भागांत फरे, मांड्या आणि बरगड्या हाडावरच ठेवाव्या लागतात. हाडं म्हणजे फुकटचं ओझं असं नवख्याला वाटतं, पण मांस सोलून काढलं की त्याचे उघडे पृष्ठभाग वाढतात, पिशवीत ते एकमेकांवर दाबून बसतं आणि लवकर आंबतं. हाडावर ते ताठ राहतं, वारा लागतो. शिंगं मांसाच्या आधी बाहेर नेता येत नाहीत. मांस टाकून दिल्याचं सिद्ध झालं तर किमान सात दिवस तुरुंग आणि किमान 2,500 डॉलर दंड. कुणाला हे कडक वाटेल. मला ते अगदी योग्य वाटतं. एवढं मोठं जनावर मारायचं आणि भिंतीवरच्या शिंगांपुरतं न्यायचं, याला दुसरं उत्तर नाही.

पुढचे दिवस मांस सांभाळण्यात जातात. थंड, कोरडं, स्वच्छ, एवढे तीनच शब्द, पण पावसाळी राफ्टवर ते पाळणं किती कठीण. मांस सुती पिशव्यांत ठेवतात, प्लॅस्टिकमध्ये कधीच नाही, कारण त्यात ते घामेजतं. राफ्टच्या तळाला पाणी साचतं, म्हणून खाली विलोच्या झुडपांच्या फांद्यांचा माच करून वर पिशव्या. मुक्कामाला पोचलं की सगळ्या पिशव्या उतरवून वाऱ्याला टांगायच्या किंवा फांद्यांवर पसरायच्या, वर ताडपत्री, पण बाजूंनी हवा खेळती. दोन-तीन दिवसांत वरच्या थराची कोरडी खपली धरते आणि मग माश्यांचं काही चालत नाही. हे सगळं तंबूपासून शंभर मीटर लांब आणि तंबूतून दिसेल अशा जागी, कारण ग्रिझली अस्वल. पुष्कळ जण मांसाभोवती बॅटरीवरचं विजेचं हलकं कुंपण लावतात.

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जाणाऱ्यासाठी एक गोष्ट महत्त्वाची. अमेरिकन नागरिकाला कॅरिबूसाठी गाइड सक्तीचा नाही, तो फक्त विमानवाल्याशी ठरवून जाऊ शकतो. परदेशी नागरिकाला मात्र अलास्कात कुठल्याही मोठ्या जनावराच्या शिकारीसाठी परवानाधारक गाइड लागतोच. खर्च त्यामुळे कितीतरी पटींनी वाढतो.

आणि हे सगळं कळपाच्या आकड्यांवर टांगलेलं आहे. वेस्टर्न आर्क्टिक कळप 1970 मध्ये 242,000 होता, 1976 पर्यंत 75,000 वर आला, मग वाढत वाढत 2003 मध्ये 490,000 झाला आणि 2023 च्या मोजणीत 152,000 भरला. चढ-उतार हा या प्राण्याचा स्वभावच, पण उताराच्या काळात कुणी किती मारायचे हा प्रश्न चिघळतो. 2016 मध्ये फेडरल सबसिस्टन्स बोर्डानं, म्हणजे केंद्राच्या जमिनींवर स्थानिकांच्या पोटापाण्याच्या शिकारीचे नियम ठरवणाऱ्या मंडळानं, कोट्झेब्यू परिसरातल्या केंद्र सरकारच्या जमिनी बाहेरच्या कॅरिबू शिकाऱ्यांना वर्षभरासाठी बंद केल्या. जानेवारी 2024 मध्ये राज्याच्या शिकार-नियम मंडळानं, बोर्ड ऑफ गेमनं, स्थानिकांची मर्यादाही दिवसाला पाचवरून वर्षाला पंधरावर आणली, त्यात मादी एकच. ज्या गावात दुकानातलं सगळं सामान विमानानं येतं, त्या गावात तुट्टू म्हणजे हिवाळ्याची बेगमी. विमानांचे आवाज, काठावरचे परके तंबू यांबद्दल तिथे राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. काही शिकारी जास्तीचं मांस गावात देतात. त्यासाठी हस्तांतराचा कागद भरावा लागतो, आणि मांस चांगल्या अवस्थेत असावं लागतं. आठ दिवस ओल्या पिशवीत राहिलेलं मांस कुणाच्या दारात नेणं म्हणजे मदत नव्हे.

शेवटचा मुक्काम बहुधा सर्वात लांबतो. विमान मंगळवारी ठरलेलं असतं आणि मंगळवारी धुकं उतरतं. म्हणून अन्न चार-पाच दिवसांचं जास्त बांधलेलं असतं. राफ्टची हवा काढून, धुऊन, वाळवून घडी घातलेली असते. दर काही तासांनी कुणीतरी उठून मांसाच्या पिशव्या उलटतो, हात लावून ओल बघतो, ताडपत्री वाऱ्याच्या बाजूला थोडी वर करतो. सॅटेलाइट उपकरणावर वैमानिकाचा निरोप येतो. उद्या दुपारी बघू, आणि मांस किती किलो आहे ते आत्ता कळवा.